डिकीतला निळा दिवा

४ सप्टेंबर, गुरुवार
गाडीसाठी मागवलेला सबवूफर आला, खालचे सूर घुमवणारा स्पीकर. खोकं ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं होतं. घरी मागवलं असतं तर चर्चा झाली असती. ॲम्प्लिफायर आतच आहे. डिकीत ठेवायचा, चार वायरी जोडायच्या, संपलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवतो. ही वस्तू मी स्वतःसाठी घेतलेली नाही. बाबांना हल्ली वरचे सूर कमी ऐकू येतात. खालचे सूर नीट पोचले तर त्यांना गाडीत गाणी ऐकता येतील. हिला हे समजावून सांगितलं. ही म्हणाली, बाबा आपल्या गाडीत बसतात ते डॉक्टरकडे जायला, वीस मिनिटं. मी म्हटलं, वीस मिनिटं का होईना. ही म्हणाली, आणि भाजीच्या पिशव्या कुठे ठेवायच्या? काही लोकांना मोठं चित्र दिसतच नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
लंच टाइममध्ये आराखडा काढला. सोळा वर्षं इमारतींचे आराखडे काढतोय, गाडी म्हणजे काय मोठी गोष्ट. चार रंग वापरले. लाल वायर करंटची. काळी अर्थिंगची. पिवळी स्टिरिओकडून आवाज आणणारी. आणि निळी. ही बारीक असते. गाडी सुरू झाली, जागा हो. गाडी बंद झाली, झोप. हे सबवूफरला ती सांगते. म्हणून चावी फिरवल्यावरच जिथे करंट येतो तिथे ती जोडायची, असं मॅन्युअलच्या पान अकरावर आहे. साहेबांनी आराखडा उचलून बराच वेळ बघितला आणि विचारलं, जिना कुठे आहे?

बाबांनी बेचाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. मी गाडी घेतली त्या दिवशी त्यांनी एकच अट घातली होती: मला विचारल्याशिवाय यातली एकही वायर कापायची नाही. मी कापणार नाही. जोडणार आहे.

विचारायलाही हरकत नव्हती. पण विचारलं की ते स्वतःच करायला बसणार. वर्षभर त्यांचा उजवा हात थरथरतो. त्यांना कशाला त्रास. शिवाय माझं वय त्रेचाळीस आहे.

६ सप्टेंबर, शनिवार
सकाळी ९.०० सुरुवात. साडेअकरापर्यंत आटपेल.

११.३० सुरुवात. स्क्रू ड्रायव्हर सापडत नव्हता.

१२.४० मॅन्युअल म्हणतं, लाल वायर थेट बॅटरीवरून घ्या. पण बाबा दर रविवारी येऊन बॉनेट उघडतात. बॅटरीवर नवी लाल वायर दिसली की प्रश्न येणार. म्हणून डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधून घेतली. मॅन्युअल लिहिणाऱ्याला बाबा नसावेत.

२.१५ स्टिरिओ बाहेर काढला. स्वयंपाकघरातली सुरी वापरली. एक क्लिप तुटली. चार शिल्लक आहेत, म्हणजे बहुमत आहे.

४.१० निळी वायर पुढे स्टिरिओपर्यंत न्यायची तर सीट पुन्हा काढा, कार्पेट पुन्हा उचला. इथे माझं डोकं चाललं. डिकीतच एक दिवा आहे. त्याला करंट येतो. सबवूफर त्याच्या शेजारीच बसलाय. निळी वायर तिथेच जोडली. पाच मीटर वायर वाचली, आणि कंबरही.

४.५० इन्सुलेशन टेप संपली. मुलीच्या औषधाच्या डब्यातल्या चिकटपट्ट्या लावल्या. गुडघा फुटला की लावतात त्या, वर पिवळी बदकं. फार छान चिकटतात. तिला विचारलं नाही. ती शेजारी खेळत होती, कशाला हाक मारा.

६.४५ चालू. आरसा हलला. काचा हलल्या. पोटातही काहीतरी हललं. सबवूफरवरच छोटा निळा दिवा आहे, तो शांतपणे तेवत असतो. त्यावर जुनी सतरंजी पसरली. धुळीसाठी.

७ सप्टेंबर, रविवार
बाबा नऊला आले. ते ताईकडे राहतात, दोन गल्ल्या सोडून, पण पेटी घेऊन चालतच येतात. पत्र्याची निळी पेटी, झाकणाची एक बिजागरी तारेने बांधलेली. पाणी बघितलं, ऑइल बघितलं, बॅटरीची टर्मिनलं काढून पुसली, परत आवळली. आवळताना पाना एकदा हातातून निसटला. मी उचलून दिला. डिकीकडे ते फिरकले नाहीत. डिकीत त्यांचं काही काम नसतं.

सांगावंसं वाटलं होतं. पण ते हात धूत होते. हात धुणाऱ्या माणसाला काही सांगू नये, त्याचं लक्ष नसतं.

९ सप्टेंबर, मंगळवार
सबवूफर उत्तम. सकाळी ऑफिसला निघताना हात लावून बघितला तर कोमट होता. गाडी आदल्या संध्याकाळपासून उभी होती, तरी कोमट. चांगली वस्तू उष्णता धरून ठेवते.

मुलीने विचारलं, बदकं कुठे गेली? मी म्हटलं, शोध.

उद्या बाबांना हाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय. गाणी काढून ठेवली आहेत. उद्या सरप्राइज.

१० सप्टेंबर, बुधवार
गाडी सुरू झाली नाही.

सकाळी बाबा शेजारी बसले, मी चावी फिरवली, टक् असा आवाज आला आणि पुढे काही नाही. मी उतरून सहज डिकी उघडून बघितली. सतरंजीखाली निळा दिवा अगदी मंद झाला होता. आता बॅटरी उतरली म्हणून दिवा मंद झाला, हे उघड आहे. दिव्यामुळे बॅटरी उतरली असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

मी पुढे येईपर्यंत बाबांनी बॉनेट उघडलं होतं. टर्मिनल हाताने हलवून बघत होते. म्हणाले, किंचित हलतंय. मला तरी हलताना दिसलं नाही. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं आणि तो खिशात घातला.

टॅक्सीने गेलो. डॉक्टर तरुण आहेत, सगळं लिहून घेतात. त्यांनी विचारलं, हाताने कामात काही अडथळा येतो का? मागच्या तिन्ही वेळांना बाबांनी नाही म्हणून सांगितलं होतं. जरा घुश्शातच.

आज म्हणाले, “कालपर्यंत नव्हता. आता येतो. रविवारी माझ्याकडून टर्मिनल सैल राहिलं.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. पेनचा आवाज येत होता. मी शेजारच्याच खुर्चीत होतो. भिंतीवर हाताच्या हाडांचं चित्र आहे, त्यातली हाडं मोजली. सत्तावीस.

मी खोटं बोललो नाही. मला कुणी काही विचारलंच नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
बाबांनी नवी बॅटरी आणली. मी नको म्हटलं तर म्हणाले, चूक माझी, बॅटरी माझी. जोडायला मात्र दुकानातला माणूस बरोबर आणला. स्वतः बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून. बेचाळीस वर्षांत मी त्यांना दुसऱ्याला बॅटरी जोडताना बघत उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

त्या माणसाने दुसरं टर्मिनल टेकवलं आणि डिकीतून धप् असा आवाज आला. चावी माझ्या खिशात होती. बाबांनी विचारलं, काय वाजलं? मी खोकलो. अजून थोडा खोकलो.

ते गेल्यावर मॅन्युअलचं पान अकरा पुन्हा वाचलं. डिकीच्या दिव्याला करंट चोवीस तास असतो. म्हणजे सबवूफर शनिवारपासून झोपलाच नव्हता.

तर आता कारण कळलेलं आहे. बाबांना उद्या सांगतो. उद्या नक्की.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आज ऑफिसात फार काम होतं.

१३ सप्टेंबर, शनिवार
निळी वायर योग्य जागी न्यायची म्हणजे स्टिरिओ पुन्हा काढायला हवा. उरलेल्या चार क्लिपांचा विचार करता ते धोक्याचं आहे. नेमकी कुठली वायर चावीबरोबर चालू होते हेही ठाऊक नाही. ते एकाच माणसाला ठाऊक आहे. सबवूफर काढून टाकावा तर ती चूक कबूल केल्यासारखं होईल. कबूल करायला माझी ना नाही, पण ते मी तोंडाने करणार आहे, वस्तू काढून नाही.

तोडगा निघाला. शिस्त. ऑफिसमधून आलो की डिकी उघडायची, निळी वायर ओढून काढायची. सकाळी पुन्हा खोचायची. रोज इथे नोंद करायची. कुठल्याही वायरिंगपेक्षा शिस्त भरवशाची.

वायर काढली.

१४ सप्टेंबर, रविवार
नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, बाबा आले नाहीत. फोन केला. ताईने उचलला. म्हणाली, ते पेपर वाचताहेत. दर रविवारी साडेआठला पायात चपला असतात, आज पेपर वाचताहेत, तुमच्याकडे काही झालंय का? मी म्हटलं, नाही, काय होणार?

हिने बॉनेट उघडून पाणी बघितलं. मी बघायला हवं होतं असं तिचं म्हणणं पडलं. मग म्हणाली की तिने शनिवारीच सतरंजी उचलून सगळं बघितलंय, आणि सांगायचं तर मी सांगायचं, ती सांगणार नाही. “पण त्यांच्यासमोर मला बसवू नकोस. मला जेवण जाणार नाही.”

वायर काढली.

१५ सप्टेंबर, सोमवार
वायर काढली. उद्या बाबांना फोन.

१६ सप्टेंबर, मंगळवार
वायर काढली. फोन केला. हवामानाबद्दल बोललो. आमच्या दोन गल्ल्यांत हवामान सारखंच आहे, तरी सहा मिनिटं झाली.

१७ सप्टेंबर, बुधवार
वायर काढली. अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते.

१८ सप्टेंबर, गुरुवार
वायर काढली. ताईकडे गेलो. समोरासमोर सांगायचं ठरवून. बाबा खिडकीत बसले होते. ताईच्या मिक्सरची वायर तुटली होती आणि ती दुरुस्तीला दुकानात पाठवलीय म्हणाली. बाबा घरात असताना. मी चहा घेऊन परत आलो.

ताईसमोर अशी गोष्ट सांगायची नसते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
वायर काढली.

२० सप्टेंबर, शनिवार
वायर काढली.

२१ सप्टेंबर, रविवार
बाबांनी पेटी देऊन टाकली.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला दिली. हवा भरायला गेलो तर त्याच्या बाकड्याखाली ती दिसली. तारेच्या बिजागरीवरून ओळखली. त्याला विचारलं. तो म्हणाला, परवा बाबा स्वतः घेऊन आले, पाने, पकडी, टेस्ट लॅम्प, सगळं. टेस्ट लॅम्प म्हणजे वायर लावलेला साधा बल्ब, लहानपणी मी तो खेळायला मागायचो आणि मिळायचा नाही. पंक्चरवाला म्हणाला, मी नको म्हणत होतो, पण ते म्हणाले, चुकणाऱ्या हातात हत्यार ठेवू नये.

आज मात्र मी कठोर झालो. फोन नको, समोरासमोर नको. पत्र लिहायचं. पत्रात माणूस पळून जाऊ शकत नाही.

वायर काढली.

२३ सप्टेंबर, मंगळवार
सर्दी, ताप. ऑफिसला रजा. सोमवारी संध्याकाळी गाडी लावली ती तशीच उभी आहे. चांगलंच झालं, पत्राला वेळ मिळाला. पहिला खर्डा तीन पानांचा. लहानपणापासून सुरुवात केली. मूळ मुद्दा तिसऱ्या पानावर येतो.

२४ सप्टेंबर, बुधवार
ताप. दुसरा खर्डा. लहानपण कमी केलं. मूळ मुद्दा थोडा अंगावर येत होता, तो सौम्य केला. “कदाचित विजेच्या दृष्टीने एक किरकोळ बाब माझ्याकडून राहून गेली असावी.”

२५ सप्टेंबर, गुरुवार
ताप उतरला. हिला पत्र वाचून दाखवलं. ही म्हणाली, हे वाचून बाबांना वाटेल की तू नोकरी सोडतोयस.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
तिसरा खर्डा. एक पान. भाषा स्वच्छ, ओघ उत्तम. दोनदा वाचलं, डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं की मूळ मुद्दा ओघात अडथळा आणत होता म्हणून मी तो काढून टाकलाय. उद्या घालतो.

२७ सप्टेंबर, शनिवार
सकाळी १०.०० बाबा माझी तब्येत बघायला आले. रिकाम्या हातांनी. मी म्हटलं, चला, तुम्हाला गाडीने सोडतो, वाटेत एक पत्र द्यायचंय. गाडीत बसलो. चावी फिरवली.

टक्.

वायर. सोमवारी संध्याकाळी अंगात कणकण होती. मी सोमवारची नोंद उघडून बघितली. सोमवारची नोंदच नाही.

बाबांनी चावीकडे बघितलं. मग म्हणाले, “या आठवड्यात मी गाडीला हात लावला होता का?”

नाही म्हटलं.

“मागच्या?”

नाही.

“बॅटरी मी जोडली?”

नाही. दुकानातल्या माणसाने.

“म्हणजे मी नव्हतो,” असं म्हणून ते दार उघडून उतरले आणि चालायला लागले. मला वाटलं, घरी चालले. गेले कोपऱ्यावर. दहा मिनिटांत परत आले, पेटी घेऊन. पंक्चरवाला मागून पेटी धरायला धावत होता आणि ते देत नव्हते.

१०.४० त्यांनी टर्मिनल सोडवलं. पाना दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बसला. टर्मिनल आणि बॅटरी यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावला. मंद, पण पेटला. म्हणाले, गाडी बंद असताना कुणीतरी करंट खातंय. मग फ्यूज एकेक करून काढायला लावले. सातवा काढला आणि बल्ब विझला. डॅशबोर्डखाली बोट घातलं, लाल वायर लागली, तिच्यावरून बोट फिरवत फिरवत सीटखालून मागे गेले.

“डिकी उघड.”

उघडली. त्यांनी सतरंजी उचलली. सबवूफर बघितला. मग दिव्याजवळचा जोड बघितला. त्यावर चार बदकं होती, एका ओळीत.

“हे कुणी केलं?”

पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, दुकानातून बसवून घेतलं. फिटरने केलं.

हे मी का म्हटलं ते मला माहीत नाही. तोंड उघडलं तेव्हा दुसरंच वाक्य तयार होतं.

बाबांनी बदकांवरून अंगठा फिरवला. “नवीन आहे का फिटर?”

हो म्हटलं. नवीनच आहे.

ते म्हणाले, “त्याला म्हणावं, उद्या नऊला माझ्याकडे ये. मी रागावणार नाही. डिकीच्या दिव्याला कायम करंट असतो, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे.”

दुपारी ३.०० सुटलो. बाबांना संशय आलेला नाही. हिला तसं सांगितलं. ही कणिक मळत राहिली.

२८ सप्टेंबर, रविवार
इतक्या कमी वेळात फिटर सापडणं शक्य नव्हतं. त्याच्या वतीने कुणीतरी जायला हवं, म्हणून शेजाऱ्याच्या बॅटरीवरून गाडी सुरू करून मी ताईकडे गेलो. बाबा नऊच्या आधीच पेटी उघडून अंगणात बसले होते. फिटर कुठे आहे असं त्यांनी विचारलं नाही. मला स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हणाले, धर. असा नाही. असा.

दोन तास लागले. त्यांनी कशालाच हात लावला नाही, नुसतं सांगत होते. चावीबरोबर जागी होणारी वायर स्टिरिओमागे तिसरी निघाली. वायर सोलताना ब्लेड माझ्या अंगठ्यात गेलं. शेवटचा जोड मात्र त्यांनी स्वतः केला. हात थरथरत होता, त्यांनी कोपर गुडघ्याला टेकवलं, श्वास धरला आणि पीळ दिला. इतका सरळ जोड मी आराखड्यातही काढलेला नाही.

मग म्हणाले, लाव काहीतरी. लावलं. ते मागे जाऊन डिकीच्या झाकणावर तळहात ठेवून उभे राहिले. गाणं संपेपर्यंत. म्हणाले, वस्तू चांगली आहे, फिटरला सांग.

घरी आल्यावर मुलीकडे बदकाची पट्टी मागितली. या वेळी विचारून. तिने नवा डबा आणलाय आणि तो कुलपात ठेवते.

पत्र फाडलं. त्यात तसंही काही नव्हतं.

१ ऑक्टोबर, बुधवार
डॉक्टर. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गाणी लावली नाहीत. बाबांना बोलायचं होतं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारण्याआधीच बाबा म्हणाले, “मागच्या वेळी मी सांगितलं होतं, टर्मिनल सैल राहिलं. ते खोडा. हात थरथरतो हे खरं, ते राहू द्या. पण ती चूक माझी नव्हती.”

डॉक्टरांनी फाइल काढली, ती ओळ शोधली, खोडली. मग सहज विचारलं, मग कुणाची होती?

मी तोंड उघडलं. आज खरंच सांगणार होतो.

“एक नवा फिटर आहे,” बाबा म्हणाले. “आता दर रविवारी शिकायला यायचाय माझ्याकडे. हात स्थिर आहेत त्याचे. बाकीचं बघू.”

डॉक्टर हसले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अंगठा मुठीत घेतला. बदकाची चोच बाहेर राहिली.